अडीच रेघा

“डावा बोल्ट, योशी!”

तोगाशी-सानचा आवाज खड्ड्याच्या गोल भिंतीवर आपटून परत आला. टोपलीपाशी ते वाकून उभे होते. उजवा हात खांद्यापासून सरळ, तर्जनी बोल्टवर रोखलेली. प्रत्येक गोष्टीकडे बोट दाखवायचं, तिचं नाव मोठ्यानं घ्यायचं आणि ती ठीक असली तरच ‘योशी’ म्हणायचं, हा आमच्याकडचा नियम. आगगाडीचे चालक तसं करतात, क्रेनवाले करतात, आम्हीही करतो. नुसतं बघितलं तर मन हो म्हणून पुढं जातं. बोट आणि तोंड कामाला लावलं की डोळ्यांना बघावंच लागतं.

“उजवा बोल्ट, योशी! काच, योशी! आरसा, योशी! हत्यारं?”

भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक हत्याराची काळी आकृती रंगवलेली आहे. सगळ्या आकृत्या भरलेल्या होत्या. “सतरा, योशी!” मी म्हणाले.

“खिसे?”

मी खिसे उलटे करून दाखवले.

“केसांत पिन?”

“आता नाही लावत.”

“गेल्या महिन्यात लावत होतीस.”

“तुम्ही ओरडलात तेव्हापासून सोडली.”

“ओरडलो कुठं? गणित सांगितलं. तुम्हां शिकलेल्यांना गणितच सांगावं लागतं.”

गणित असं होतं. आमच्या यंत्राचा हात मधल्या खांबापासून टोपलीपर्यंत तीन मीटर. एका टोकाला टोपली, दुसऱ्या टोकाला तिच्या वजनाचं लोखंड. हा हात मिनिटाला एकशे बावीस वेळा फिरला की टोपलीतल्या प्रत्येक वस्तूचं वजन पन्नास पट होतं. दोन ग्रॅमची पिन शंभर ग्रॅमची होते आणि सुटलीच, तर ताशी एकशे चाळीस किलोमीटरनं निघते.

टोपलीत जाड काचेच्या पेटीत बारा सेंटिमीटर उंचीचा मातीचा बांध होता. पन्नास पट वजनाखाली तो सहा मीटर उंचीच्या बांधासारखा वागतो. उत्तरेकडच्या एका नदीचा खरा बांध दोन जागी पाझरू लागला होता आणि त्याच्यामागं अकराशे घरं होती. बांध फुटलाच तर आधी माथा जाईल की मागचा पायथा, एवढंच नदी कार्यालयाला हवं होतं, कारण उन्हाळ्यातल्या पुराआधी दोन्हीपैकी एकाच ठिकाणचं काम होण्यासारखं होतं. ही माती तयार व्हायला तीन आठवडे लागले होते आणि ती एकदाच फुटणार होती. फुटताना कुठून सुरुवात झाली, ते फक्त कॅमेरा सांगू शकणार होता.

कॅमेऱ्याला टोपलीत समोर ठेवायला जागा नसते. तो वर उभा बांधतात, खाली तोंड करून. खालचा तिरपा आरसा काचेचं चित्र त्याला दाखवतो.

तोगाशी-साननी केबलला जोडलेला छोटा पडदा उचलला, चेहऱ्याजवळ धरला, मग बोट रोखलं.

“चित्र, योशी!”

मला बरं वाटलं. माझं काम त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

---

चाळीस मिनिटांपूर्वी एका संवेदकाची सैल झालेली तार चिकटवायला मी एकटीच खड्ड्यात उतरले होते. छोटा पडदा जोडलेलाच होता. त्यावर बांध दिसत होता, पण धुक्यात बघितल्यासारखा. काचेला लागून उभ्या खोवलेल्या शेवया एकमेकींत मिसळल्या होत्या.

शेवया म्हणजे खरोखरच्या शेवया, दुकानात मिळणारं सोमेन. मातीत कोरड्या खोवतात, ओलाव्यानं त्या मऊ होतात आणि माती जिकडं सरकेल तिकडं वाकतात. नंतर माती कापली की कुठून कुठवर घसरली ते कळतं. या चाळीस शेवया तोगाशी-साननी खोवल्या होत्या, एकेक सेंटिमीटरवर. बोटांनी अंतर मापत, मान वर करून, माझ्याशी बेसबॉलबद्दल बोलत. तेव्हा मला ते कौशल्य वाटलं होतं. नंतर शंका आली.

शंकेला माझ्याकडे तीन नोंदी होत्या. ऑक्टोबरात त्यांनी जाडी मोजण्याचं यंत्र माझ्या हातात दिलं, “तू वाच, चष्मा वर राहिला.” नोव्हेंबरात पुन्हा तेच, आणि चष्मा त्यांच्या खिशात दिसत होता. गेल्या आठवड्यात त्यांनी चहा कपाच्या काठावर ओतला आणि टेबल असं पुसलं, जणू पुसायचंच होतं. मी कुणाला काही बोलले नाही.

आणि त्या सोमवारच्या बैठकीत विभागप्रमुख कुरोइवा कागद सरळ करत म्हणाले होते, “मागच्या चाचणीची तीसेक चित्रं चकाकीमुळं वाया गेली. एप्रिलपासून कॅमेऱ्याचं काम बाहेरच्या कंपनीला द्यावं असं वरून आलंय. या वेळचं चित्र चांगलं आलं, तर मी तोगाशी-सानसाठी आणखी एक वर्ष मागून घेईन. नाही आलं, तर मला मागायला तोंड उरणार नाही.”

तोगाशी-सान एकसष्ट वर्षांचे. साठीनंतर त्यांची नेमणूक वर्षावर्षानं वाढते. बत्तीस वर्षं ते या खड्ड्यात आहेत. यंत्र त्यांच्यानंतर दोन वर्षांनी आलं.

म्हणून मी लेन्सचा अंगठ्यानं फिरणारा स्क्रू सैल केला, फोकसचं कडं हळूहळू फिरवलं, शेवया एकेक करून वेगळ्या दिसू लागल्या, मग स्क्रू पुन्हा आवळला. मिनिटभराचं काम. सांगितलं असतं तर त्यांना मान खाली घालावी लागली असती. न सांगणं हेच सभ्यपणाचं, असंच मला वाटलं. माझ्या आईनंही तेच केलं असतं.

---

नियंत्रणकक्षात आम्ही तिघंच. कुरोइवा साहेब वेगाच्या बटणांपाशी, मी आकड्यांच्या पडद्यापाशी, तोगाशी-सान भिंतीला टेकून उभे. ते कधी बसत नाहीत. म्हणतात, पायाला यंत्राची थरथर लागते.

“दहा पट,” कुरोइवा साहेब म्हणाले.

जमिनीतून घूं असा आवाज चढू लागला. चित्र जसंच्या तसं होतं. माझे शेवयांचे चाळीस धागे स्वच्छ उभे होते.

“वीस.”

डावीकडच्या शेवया जाडसर झाल्या. मी डोळे चोळले.

“तीस.”

“होतंय ना साफ?” तोगाशी-साननी मागून हळूच विचारलं.

मला प्रश्न कळला नाही. “काय?”

“चित्र. तिसाच्या पुढं साफ व्हायला लागतं. होतंय ना?”

आणि मग कळला. पन्नास पटीत चारशे ग्रॅमचा कॅमेरा वीस किलोचा होतो. लेन्सची भिंगं खाली तोंड करून लटकलेली. आट्यांमध्ये जेवढी ढील असेल, तेवढी ती खाली सरकणारच. म्हणजे स्थिर असताना स्वच्छ दिसणारं चित्र फिरताना बिघडणार. म्हणजे स्थिर असताना ते मुद्दाम बिघडवूनच ठेवायला हवं. इतकं सरळ. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला सुटेल असं गणित. आठ महिन्यांत तीन चाचण्या मी पाहिल्या होत्या, पण चित्राकडे माझं लक्ष जायचं ते यंत्र पूर्ण वेगात आल्यावर, ते स्वच्छ झाल्यावर.

“मिनोवा-सान?” त्यांनी मला पुन्हा हाक मारली.

“हो,” मी म्हणाले. “होईल.”

“चाळीस,” कुरोइवा साहेब म्हणाले. “पन्नास. वेग स्थिर.”

पडद्यावर आता राखाडी ढग होता. बांध कुठं संपतो आणि आकाश कुठं सुरू होतं, ते सांगता आलं नसतं.

कुरोइवा साहेब खुर्चीतून उठले. “हे काय आहे, तोगाशी-सान?”

तोगाशी-सान भिंत सोडून पुढं आले. पडद्याच्या इतक्या जवळ गेले की त्यांच्या श्वासानं काचेवर वाफ धरली. डोकं थोडं वाकडं करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांनी बघितलं. बराच वेळ.

“कॅमेरा धरणारा कंस ढिला झाला असेल,” ते शेवटी म्हणाले. “मी बांधलाय. चूक माझी.” आणि ते कमरेतून वाकले.

कुरोइवा साहेबांनी तोंडावरून हात फिरवला. “आज. नेमकं आज.”

“शेवया आहेत, साहेब. घसरण कुठवर गेली ते शेवया सांगतील.”

“कुठवर ते सांगतील. आधी कुठून ते नाही सांगणार.”

“नाही सांगणार,” तोगाशी-सान म्हणाले.

माती काल एकदा फिरवून बसवलेली होती, त्यामुळं आज वीस मिनिटं वाट बघायची, मग पाणी सोडायचं. पाणी सोडेपर्यंत यंत्र थांबवता येतं. माती थोडी फुगते, पुन्हा बसते, दोन-तीन तास जातात, एवढंच. पाणी आत गेलं की मागं फिरता येत नाही.

वीस मिनिटं. मी घड्याळाकडे पाहिलं. नऊ वाजून बावन्न मिनिटं झाली होती.

सांगायचं, हे तर उघड होतं. कडं मी फिरवलं, माणूस माझ्यामुळं वाकला. तोंड उघडलं आणि तेवढ्यात दुसरी गोष्ट लक्षात आली. उघडलेलं तोंड मी मिटलं.

त्यांनी ‘चित्र, योशी’ म्हटलं होतं. माझ्या हातानं स्वच्छ झालेल्या, म्हणजे चुकीच्या चित्राकडे बोट दाखवून. ते कुरोइवा साहेबांनी वरच्या कर्ण्यातून ऐकलं होतं. मी कडं फिरवलं म्हणून सांगितलं, तर साहेबांचा पुढचा प्रश्न ठरलेला होता. आत्ता तोगाशी-सान एका ढिल्या कंसाचे गुन्हेगार होते. मी बोलले तर ते दृष्टी गेलेले छायाचित्रकार ठरणार होते. ढिला कंस कुणाचाही होतो.

नऊ अठ्ठावन्न. मातीचं बसणं पडद्यावर सपाट रेषेत आलं.

“बाहेरच्या कंपनीवाल्यांनी दोन कॅमेरे लावू म्हणून सांगितलंय,” कुरोइवा साहेब कुणाकडेही न बघता म्हणाले. “एक बिघडला तर दुसरा.”

“शहाणे आहेत,” तोगाशी-सान म्हणाले. “मी दहा वर्षं मागतोय दुसरा कॅमेरा.”

“मला ठाऊक आहे.”

“तुम्ही नव्हतात तेव्हा. तुमच्या आधीच्या साहेबांकडे.”

“तेही मला ठाऊक आहे, तोगाशी-सान.”

दहा वाजून पाच. उत्तरेतली ती अकराशे घरं माझ्या अहवालात एका ओळीत होती. ती ओळ मीच लिहिली होती.

दहा वाजून अकरा. कुरोइवा साहेबांनी पाण्याच्या झडपेवर बोट रोखलं. “झडप, यो—”

“थांबा!” मी ओरडले. “पाणी नको. थांबवा.”

त्यांचं बोट हवेतच राहिलं.

“कंस ढिला नाहीये. सकाळी साडेआठला मी लेन्स फिरवली. चित्र धूसर दिसलं म्हणून नीट केलं. कुणाला सांगितलं नाही. यंत्र थांबवलं तर परत लावता येईल.”

कुरोइवा साहेबांनी आधी लाल बटण दाबलं, मग माझ्याकडे वळले. आवाज उतरू लागला.

“धूसर होतं आणि तू नीट केलंस,” ते सावकाश म्हणाले. “मग आता का बिघडलं?”

“फिरताना लेन्स खाली सरकते. तोगाशी-सान आधीच चुकीची लावून ठेवतात. मला माहीत नव्हतं.”

“लेन्स सरकते हे मला माहीत आहे. अशी लावून ठेवता हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत, तोगाशी-सान.”

“तुम्ही कधी विचारलं नाहीत. चित्रं येत होती.”

मी मनात म्हटलं, इथंच संपू दे. पण साहेब हिशेबी माणूस आहेत. एक पायरी सोडून दुसरीवर पाय ठेवत नाहीत.

“हिनं फिरवली साडेआठला. तुम्ही चित्र तपासलंत नऊ वाजून दहाला. मी ऐकलं. तुम्ही योशी म्हणालात.”

“म्हणालो.”

“तेव्हा चित्र स्वच्छ होतं.”

यंत्राचा हात अजून फिरत होता, आता सावकाश, प्रत्येक फेरी वेगळी ऐकू येत होती. तोगाशी-सान त्या आवाजाकडे कान देऊन उभे होते. हात पूर्ण थांबला.

“मी खोटं नाही म्हणालो, साहेब,” ते म्हणाले. “धूसर दिसायला हवं होतं. मला धूसर दिसलं. म्हणून योशी म्हणालो.” मग ते पुढं म्हणाले, “दोन वर्षं झाली. मधलं सगळं मला धूसरच दिसतं. कडेकडेचं दिसतं.”

“दोन वर्षं?” कुरोइवा साहेब म्हणाले. “मग या दोन वर्षांतली सगळी चित्रं...”

“कड्यावर मी रेघा ओरखडून ठेवल्यात. नखाला लागतात.”

कुरोइवा साहेब खुर्चीत बसले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. “मातीला दोन तास लागतील परत बसायला. चला. लावा.”

---

खड्ड्याचं दार उघडून आम्ही खाली उतरलो. तोगाशी-सान शिडीवरून नेहमीसारखे न बघता, भरभर उतरले.

“तुम्हाला सांगायला हवं होतं,” मी म्हणाले. “मला वाटलं...”

“मला दिसत नाही असं वाटलं.”

“हो.”

“बरोबर वाटलं. लेन्सबद्दल चुकलीस, माझ्याबद्दल नाही.” त्यांनी माझा हात धरून कड्यावर ठेवला. त्यांची बोटं गार होती. “नख लाव. सापडली रेघ?”

“नाही.”

“तुमच्या पिढीची नखं फार गुळगुळीत. जरा दाबून.”

सापडली. केसापेक्षा जाड नसेल, पण नखाला अडकत होती.

“पहिल्या रेघेवर पडद्यावर स्वच्छ दिसतं. तिथून अडीच रेघा, घड्याळाच्या दिशेनं. थंडीत अडीच, उन्हाळ्यात पावणेतीन. ग्रीस पातळ होतं. तिसावर जरा फिकट, चाळिसावर बरं, पन्नासावर सुरीसारखं. लिहून घे.”

“नंतर लिहिते. आधी फिरवते.”

“आधी लिही. मी तीस वर्षं नंतर लिहीन म्हणत आलो.”

मी तळहातावर लिहिलं. मग फिरवलं. चित्र धुक्यात गेलं आणि एवढं वाईट चित्र बघून मला एवढं हायसं याआधी कधी वाटलं नव्हतं.

“बोट दाखव,” ते म्हणाले.

“तुम्ही...”

“ज्याला दिसतं तो बोट दाखवतो.”

मी हात खांद्यापासून सरळ केला. “चित्र, योशी!” माझा आवाज भिंतीवर आपटून परत आला. तो त्यांच्यापेक्षा बारीक होता.

यंत्र पन्नासावर नेलं आणि दोन तासांची वाट सुरू झाली. मातीत खोवून उरलेल्या शेवया त्याच दिवशी खायच्या, ही इथली जुनी रीत. तोगाशी-साननी चहाच्या खोलीत पातेलं ठेवलं, रश्श्यात कांद्याची पात टाकली, तीन वाडगे भरले. भरताना एक थेंबही सांडला नाही. बोट वाडग्याच्या आत कडेला धरलेलं होतं, ते मला आता दिसलं.

कुरोइवा साहेबांनी दोन घास खाल्ले. “एप्रिलचं मी...”

“शेवया फुगतील, साहेब,” तोगाशी-सान म्हणाले. “आधी खा.”

---

एक वाजता पाणी सोडलं. पन्नास पटीत पाणी घाईनं झिरपतं. आमच्या एका मिनिटात त्या बांधाचे पावणेदोन दिवस जातात. पडदा सुरीसारखा स्वच्छ होता. शेवया अशा मोजता येत होत्या की मी खरंच मोजल्या. चाळीस.

तोगाशी-सान पडद्याकडे पाठ करून, भिंतीला टेकून उभे होते. “सांग,” ते म्हणाले.

“पाणी निम्म्यावर. माथा कोरडा. काही हललेलं नाही.”

“पुढं.”

“तीन चतुर्थांश. माथा तसाच. थांबा... मागच्या पायथ्याशी डाग. काळा. रुंद होतोय.”

“शेवया?”

“शेवटून तिसरी वाकली. दुसरी. बाहेरच्या बाजूला. वाळू उसळतेय, पायथ्यातून. आता चौथी, पाचवी... माथा अजून सरळ आहे. माथा सरळ आहे, साहेब! पायथा आधी!”

“दिसतंय मला,” कुरोइवा साहेब पडद्यावर जवळजवळ ओणवे होऊन म्हणाले.

मग माथा खचला. चार सेकंदांत सगळं संपलं. काचेवर चिखलाचा पडदा ओघळला आणि घूं आवाज उतरू लागला.

“पायथा,” तोगाशी-सान म्हणाले. त्यांनी डोळे मिटलेले होते. “पायाला लागलं. आधी बारीक, मग एकदम.”

कुरोइवा साहेब नदी कार्यालयाला फोन करायला वर गेले. दारात वळून ते तोगाशी-सानपुढं वाकले. नेहमीपेक्षा जास्त खाली.

टेबलावर तपासणीचा तक्ता राहिला होता. प्रत्येक ओळीपुढं एक चौकट, चौकटीत तपासणाऱ्याचा लाल शिक्का. ‘चित्र’ या ओळीपुढं सकाळचा तोगाशी-सानचा शिक्का होता. चुकीची नोंद आमच्याकडे खोडरबरानं पुसत नाहीत. तिच्यावर पट्टीनं दोन रेघा मारतात, वर आपला छोटा दुरुस्तीचा शिक्का उठवतात. खाली काय होतं ते वाचता आलं पाहिजे.

“पट्टी दे,” ते म्हणाले.

मी दिली. त्यांनी डाव्या हाताच्या बोटांनी चौकट चाचपली, पट्टी बसवली, दोन रेघा ओढल्या. मग खिशातून छोटा शिक्का काढला, शाईत दाबला, बराच वेळ कागदावर धरून ठेवला आणि उचलला.

“तुझा शिक्का?”

“वर टेबलात आहे.”

“जा, घेऊन ये. चौकट मोकळी ठेवू नये.”

मी घेऊन आले तेव्हा ते खाली खड्ड्यात उतरले होते. काचेवरचा चिखल धुतल्याचा आवाज येत होता. मी तक्ता पुढं ओढला. दोन्ही रेघा अगदी सरळ होत्या. शिक्का अर्धा चौकटीबाहेर पडला होता.

उरलेल्या जागेत मी माझा उठवला.